पळसाखाली दिसलेली म्हैस

मुलीनं ती लेन्स घेतली तेव्हा मी तिला चांगलं झापलं. बेचाळीस वर्षांची बाई, बँकेत नोकरीला, दहिवलीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते, तरी झापलं. एवढ्या पैशांत गोठ्यात दोन दुभत्या म्हशी आल्या असत्या. ती म्हणाली, "म्हशी घेऊन बँकेत जाऊ का मी?" मी भांडी आपटली.

आमचं घर कडावच्या बाहेर, शेताला लागून आहे. स्लॅबवर चढलं की समोर वालाचं शेत, त्यापुढं ओढा, ओढ्याच्या काठानं करवंदीची दाट जाळी. जाळीमागं मोकळा माळ आणि मग डोंगराची चढण. चढणीवर एक जुना पळस आहे. फाल्गुनात त्याच्यावर पान राहत नाही, नुसती फुलं असतात, आणि त्या फुलांतलं पाणी प्यायला सगळ्या जातीची पाखरं येतात. त्यांचे फोटो काढायला मुलगी सुट्टीच्या शनिवारी सकाळीच येऊन स्लॅबवर चढली. बरोबर ती लेन्स आणि ती उभी करायची तीन पायांची घोडी.

माझं त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं. आदल्या दिवशी चरायला सोडलेली म्हैस संध्याकाळी परत आलीच नव्हती. पहिलारू म्हैस आणि दिवस भरलेले. अशी म्हैस व्यायच्या वेळेला एकटी कुठंतरी आडोशाला जाऊन बसते. गेल्या साली आमच्या दुसऱ्या म्हशीनं असंच केलं होतं. आम्ही पोचेपर्यंत रेडकाला कुत्र्यांनी फाडलं होतं. ती म्हैस पुढं आटलीच, आणि आम्ही ती विकली. आता गोठ्यात एवढी एकच राहिली होती. तिची आई साप चावून मेली तेव्हा ही आठ दिवसांची होती. मी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली. माया वगैरे मला माहीत नाही. तीन वर्षं तिनं फुकट खाल्लं होतं, आता तिची पाळी होती.

मुलगा कशेळे ते कर्जत जीप चालवतो. त्या दिवशी त्यानं जीप काढलीच नाही. पहाटेपासून मोटरसायकलवर सगळे बांध पालथे घालून तो आठ वाजता चहाला आला आणि ओट्यावर बसला. माझ्या गुडघ्यांना डोंगर झेपत नाही, म्हणून मी स्लॅबवर चढून नुसती बघत होते. शेजारी मुलगी पाखरं बघून खुदखुदत होती.

"म्हस हरवली हाय आन तुला पाखरं सुचतायत?" मी म्हणाले.

"मग तू म्हशीला शोध. ये इकडं. डोळा लाव इथं."

लावला. काहीच दिसेना. नुसतं पांढरं.

"ते आभाळ आहे आई. खाली घे."

खाली घेतलं तर नुसतं हिरवं. तेही इतकं भराभर पळालं की मला गरगरलं. मग मुलीनं मला नीट सांगितलं. आधी उघड्या डोळ्यानं जागा धरायची, मान हलवायची नाही, आणि मग डोळा तिथं न्यायचा. माझ्या त्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आहे. त्यासाठी तिनं बाजूचं एक बारीक चाक फिरवलं आणि एकदम सगळं लख्ख झालं. मी ओरडलेच.

समोर माझी धाकटी जाऊ होती. तिचं घर आमच्यापासून तीन शेतं पलीकडं. ती गच्चीवर तांदूळ निवडत होती, आणि निवडता निवडता मूठभर कच्चे तांदूळ तोंडात टाकत होती. दात दुखतात म्हणून माझ्याकडची भाकरी न खाणारी बाई! तिचं तोंड हलताना दिसत होतं पण आवाज नव्हता. मागं चूल पेटली होती, धूर दिसत होता आणि वास नव्हता. इतक्या जवळ माणूस आणि त्याचा ना आवाज ना वास, हे मला फार चमत्कारिक वाटलं. मी हात पुढं केला तिला थोबाडायला. मुलगी हसून खाली बसली.

लेन्सवर आकडे होते. आकडे मला वाचता येतात, चौथीपर्यंत शाळा झालेली आहे. एका टोकाला दीडशे, दुसऱ्या टोकाला सहाशे. मधली रबरी कडी लोणच्याच्या बरणीच्या झाकणासारखी फिरवायची. फिरवली की मागचं जग चालत पुढं येतं. मी तीन-चारदा पुढं आणलं, मागं ढकललं. दीडशेला गाव, सहाशेला जावेच्या नाकातली चमकी. मध्येच माझं बोट कुठंतरी दाबलं गेलं आणि यंत्रानं शिवणाच्या मशीनसारखा कडकडाट केला. पुढं मुलीनं दाखवलं, जावेच्या पाण्याच्या टाकीचे सत्तावीस फोटो निघाले होते. सगळे छान आले होते.

घोडीवरून काढून एकदा हातातही धरून बघितली. वजन पाण्यानं भरलेल्या कळशीसारखं, सगळं पुढच्या टोकाला. हातात धरली की माझ्या श्वासाबरोबर अख्खा डोंगर वरखाली होत होता. "परत ठेव गं बाई घोडीवर," मी म्हणाले, "न्हाय तर डोंगर पडंल."

मग मी कामाला लागले. मुलीला म्हैस आणि दगड यातला फरक दुरून कळत नाही, मला कळतो. मी वालाच्या शेतापासून सुरुवात केली आणि वावर झाडतात तसं डावीकडून उजवीकडं झाडत गेले. दगड, दगड, कोणाची तरी गाय, जळलेलं खोड. पळसापाशी आले. फुलं इतकी जवळ आली की मला देठ मोजता आले असते. आणि पळसाच्या बुंध्याला अगदी खेटून, झुडपांच्या वर, एक काळी पाठ. मग डोकं वर आलं. डावं शिंग कानावर पडलेलं. असं शिंग आख्ख्या कडावात दुसरं नाही.

"घावली!" मी इतक्या जोरात ओरडले की जावेनं गच्चीवरून वर बघितलं. "पळसाखाली हाय! जा रं, पळ!"

मुलानं चहा तसाच ठेवला. मोटरसायकलनं डोंगराच्या पायथ्यापर्यंत, तिथून वर पायी. मी डोळा काढलाच नाही. ऊन चढायला लागलं होतं आणि चित्र वाहत्या पाण्यात बघितल्यासारखं थरथरत होतं. पण म्हैस तिथंच होती. ती बसली, उठली, परत बसली. शेपूट वर. वेळ आली होती.

अर्ध्या-पाऊण तासानं मुलाचा लाल शर्ट पळसाखाली दिसला. त्याचा फोन आला. मुलीनं तो माझ्या कानाला धरला.

"आये, आलो पळसाखाली. कुटं हाय म्हस?"

"तुज्या म्होरंच हाय की रं. डाव्या हाताला."

"डाव्या हाताला दगड हाय."

"दगडाच्या अलीकडं बघ."

"अलीकडं मीच हाय."

"वळ मागं! तुज्या पाठीला लागलीय ती!"

"वळलो. आता डोंगर हाय."

"अरं आंधळ्या, हात लांब केलास तर शेपूट हातात येईल!"

"आये, तू खाली उतर. तुला ऊन लागलंय."

मला असा राग आला. माझ्या डोळ्यासमोर तो म्हशीच्या मागून चालत गेला. मागून गेला, पलीकडून निघाला, आणि त्याला म्हैस दिसली नाही! मुलगी म्हणाली, "बघू मला." मी तिला कोपरानं ढकललं. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं. माझा मुलगा उंच आहे, दारातून जाताना वाकतो. आणि तो म्हशीच्या पोटाएवढा दिसत होता.

इतकी मोठी म्हैस कुणाची नसते. मुलगा लहान नव्हता झाला, म्हैस जवळ होती.

मी डोळा काढला, आणि उघड्या डोळ्यानं पळसाची रेघ धरून खाली खाली आले. पळस, चढण, अख्खा माळ, आणि त्याच्या अलीकडं ओढ्याकाठची करवंदीची जाळी. जाळीच्या सावलीत काळं ते काळ्यात मिसळून गेलं होतं. त्या लेन्सनं मधला माळ गिळून टाकला होता आणि पळस आणून जाळीला चिकटवला होता. मुलीला हे ठाऊक होतं. लांबची लेन्स असं करते म्हणे. "मग बोलली का नाहीस?" "मला काय ठाऊक, तू कुठलं झुडूप बघत होतीस?"

पुन्हा डोळा लावला. जाळीच्या कडेला दोन कुत्री बसली होती. भांडत नव्हती, झोपली नव्हती. आत बघत नुसती बसली होती.

माझे गुडघे जिना कसे उतरले मला सांगता येणार नाही. कोपऱ्यातली काठी घेतली आणि वालाच्या शेतातून सरळ निघाले, बांधावरून नाही. शेंगा तुडवल्या. वाल पुन्हा पेरता येतो. मागून मुलगी ओरडत येत होती, "आई, हळू! आई, पडशील!" मी पडले नाही. ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं. कुत्र्यांना मी शिव्या घातल्या त्या इथं लिहीत नाही. एकाला काठी बसली, दुसरं आपणहून गेलं.

म्हैस आडवी झाली होती. मागून दोन खूर बाहेर आलेले आणि त्यांच्यावर नाक. म्हणजे सरळ होतं, फक्त अडलं होतं. पदरानं खूर पुसले, धरले, आणि ती कळ देईल तसं खाली ओढत गेले. तिनं जोर केला की मी ओढायचं, ती थांबली की मी थांबायचं. "कळ दे, भवाने," मी म्हणत होते, "तीन वर्सं खाल्लंस ते काय झोपायला?" मुलगी माझ्या कमरेला धरून मागं ओढत होती. तिसऱ्या कळेला सगळं एकदम आलं आणि आम्ही दोघी पाठीवर.

रेडकू हलेना. मी त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, मागचे पाय धरून उलटं केलं, नाकात गवताची काडी घातली. ते शिंकलं. अशी शिंक की माझ्या तोंडावर सगळं उडालं. मी शेपूट उचलून बघितली. पारडी!

मुलीला फोटो काढायचा होता. माझ्यामागं धावताना तिनं ती लेन्स घोडीवरून काढून गळ्यात अडकवली होती. तिनं डोळा लावला आणि म्हणाली, "धूसर येतंय. एवढ्या जवळचं हिला दिसत नाही." ती मागं सरकली. अजून मागं. ओढ्यात उतरली, ओढ्याच्या पलीकडं गेली, शेताच्या बांधावर चढली आणि तिथून ओरडली, "आता ठीक!" मी म्हशीला म्हणाले, बघ, हिला लाखाची वस्तू घेऊन पळून जावं लागलं.

तेवढ्यात मुलगा आला. मुलीनं फोनवर कळवल्यावर डोंगरावरून करवंदीतून सरळ खाली आला होता. हातांवर ओरखडे, शर्टाची बाही फाटलेली.

"आये, मला डोंगरावर धाडलंस आन म्हस हितं?"

"मला वाटलं, तेवढाच तुला व्यायाम."

तो हसायला लागला, मग खाली बसला आणि हसतच राहिला. जार, म्हणजे वार, पडेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही. पडला तसा मुलानं दगडानं खड्डा काढून तो पुरला, नाही तर ती कुत्री परत आली असती.

पारडी तीनदा पडली. चौथ्या खेपेला उभी राहिली, चारी पाय चार दिशांना. म्हशीच्या पुढच्या पायांत तोंड घालून तिथं शोधत बसली. मी तिचं तोंड धरून कासेपाशी नेलं. सड तोंडात गेला आणि तिची शेपूट भिरभिरायला लागली. म्हैस मान वळवून तिला चाटत होती आणि मी कास धरून बघितली. चारी सड मोकळे होते, चीक घट्ट आणि पिवळा. भरपूर होता.

"चल," मी मुलाला म्हणाले, "पोट भरलं की उचल तिला. म्हस आपोआप मागनं येईल."

बांधावरून मुलगी ओरडत होती, "हलू नका! कोणी हलू नका!" आम्ही कोणीच तिचं ऐकलं नाही.