शेफालीचं खरं वय

"ए बाबा, ए तो बर्गी!"

शाळेच्या सेक्रेटरींच्या पत्नी वजनकाट्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. शाळेतलं फुकट दूध यापुढं फक्त वजन कमी भरणाऱ्या पोरींनाच मिळणार होतं. मी काट्यावर चढले आणि त्या बंगालीत ओरडल्या, ही तर बर्गी! वर्ग फिदीफिदी हसला. कधीकाळी बंगाल लुटून गेलेल्या मराठी स्वारांना कलकत्त्यात बर्गी म्हणतात. अख्ख्या पाचवीत मराठी मी एकटीच.

"वयाच्या मानानं फार वजन. हिचं दूध बंद."

मी वर्गात सगळ्यांत उंच होते. उंच पोरीचं वजन जास्त भरणारच की! पण सेक्रेटरीणबाईंच्या तक्त्यात फक्त वय आणि वजन. उंची कुणी मोजलीच नाही.

मॉनिटर मीच. डोळे पुसून पुढची नावं पुकारायला लागले.

शेफाली आली. सियालदह स्टेशनामागच्या, पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या वस्तीतली, माझ्या बाकावरची. हाडं आणि फ्रॉक, बस्स. देश सोडताना तिची दोन वर्षं बुडाली, म्हणून वडिलांनी शाळेत वय कमी लिहिलं. शाळेच्या वहीत दहा. खरं बारा. हे तिनं फक्त मला सांगितलं होतं.

बाईंनी तक्ता पाहिला. "दहाला ठीक आहे. दूध नको." मग तिच्याकडे निरखून पाहिलं. "दहाचीच ना ग ही, मॉनिटर?"

शेफालीनं माझ्याकडे पाहिलं. बाराची म्हटलं असतं तर वजन कमी ठरून दूध चालू राहिलं असतं. तिला ते दूध हवं होतं. घरी धाकट्या भावाला अर्धं न्यायची ती, बाटलीत.

मी म्हणाले, "हो."

खरं सांगितलं तर शाळेतून तिचं नाव कापतील, अशी सबब मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला दिली. खोटं आहे ते. बाई पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलल्या होत्या. वर्गाचं हसू माझ्यावरून हटलं होतं. सुंठीवाचून खोकला गेला होता माझा. मला तेवढंच हवं होतं.

दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर शेफाली शाळेत आली नाही. मी तिच्या घरी गेले नाही. लाज वाटली, म्हणून गेले नाही. अजून वाटते.

आता त्याच शाळेत मी शिकवते. बाई त्याच, काटाही तोच. काल वही माझ्या हातात देत म्हणाल्या, "आकडे जोरात वाचा. लाज वाटली की पोरी ताळ्यावर येतात."

मी वही मिटली. "आधी प्रत्येकीची उंची मोजीन. आयांना बोलावून खरं वय विचारीन. मग वजन. आणि आकडा मोठ्यानं वाचणार नाही."

"बर्गी ती बर्गीच. नोकरी नकोय का?"

"हवी आहे. वही मात्र परत मिळणार नाही."

आज सकाळी भिंतीवर खडूनं उंचीच्या खुणा केल्या. पहिली पोर टाचा जुळवून उभी राहिली. तिला जवळ घेऊन कानात विचारलं, "खरं वय किती ग तुझं?"

तिनं सांगितलं. मी तेच लिहिलं. नोकरी गेली तरी तेच लिहीन.