कस्तुराबाईची दगडी ज्वारी

शेंद्र्याच्या कारखान्यांच्या कुंपणाला लागून कस्तुराबाईचं रान होतं. आजूबाजूची रानं एकेक करून गेली आणि तिथं पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या. घर धनगराचं. नवरा वारल्यावर मेंढरं थोडीच उरली होती आणि मुलगा भारत कंपनीत लागला होता. तरी कस्तुराबाई दरसाल दगडी ज्वारीच पेरायची. दाणा कडक, उतारा कमी. पण कडबा मेंढरांना पुरायचा आणि भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहायची. बाजारात मात्र या ज्वारीला कुणी विचारत नव्हतं.

त्यामुळं दुष्काळात, गावात टँकर चालू असताना, शहरातली मंजुषा गाडीतून उतरून "मावशी, तुमची दगडी ज्वारी मला हवी आहे," म्हणाली, तेव्हा कस्तुराबाईच्या मनात पाल चुकचुकली.

मंजुषाची सिडकोत बेकरी होती. "जुन्या धान्याचे पाव, बिस्किटं लोक मुद्दाम मागतात हो. माझा एक मित्र तर ज्वारीची बिअर करायची म्हणतोय."

"दारू? माझ्या ज्वारीची?"

मंजुषा हसली. जाताना तिनं कस्तुराबाईचा फोटो काढला. कशाला, विचारलं तर म्हणाली, "आठवण म्हणून."

गाडी वळली तशी कस्तुराबाई भारतला म्हणाली, "ज्वारीचं निमित्त हाय. डोळा जमिनीवर हाय तिचा."

"माय, समदेच दलाल नसतेत."

"तुझ्या चुलत्याकडं आलता, त्यो बी आधी ताकाचंच कौतुक करत व्हता."

चुलत्याच्या रानात आता गोदाम होतं.

कस्तुराबाईनं बाईची परीक्षा घ्यायचं ठरवलं. बाजारातून हायब्रीड ज्वारीचं पोतं आणलं आणि दगडी म्हणून मंजुषाला दिलं. खरी गिऱ्हाईक असेल तर ओळखून परत आणेल. मंजुषा पोतं घेऊन खुशीत गेली आणि तक्रार काही आली नाही.

"बघ, म्हनलं नव्हतं?" कस्तुराबाई म्हणाली.

मग एकदा भारत कंपनीतून येताना बिस्किटांचा पुडा घेऊन आला. त्यावर डोक्यावर पदर घेतलेली कस्तुराबाई होती आणि खाली छापलं होतं, 'कस्तुराबाईंच्या रानातली दगडी ज्वारी'. भारतनं ते वाचून दाखवलं. खोटं तिचंच होतं. आता ते तिच्या चेहऱ्यानिशी गावोगाव फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती रिक्षानं सिडकोत गेली. दुकानात एक गृहस्थ बिस्कीट चघळत म्हणत होते, "जुन्या ज्वारीची चवच वेगळी!"

"ती हायब्रीड हाय," कस्तुराबाई दारातूनच म्हणाली. "बाजारची."

मंजुषानं तिला घाईनं आत नेलं. "मावशी, तुम्ही मला फसवलंत?"

"व्हय. अन् तू मला. आठवण म्हनून फोटू काढला अन् पुड्यावर चिटकवला. इचारलं का मला? मला वाटलं, तू जमीन बघाया आलीस."

"जमीन? मी स्वतः भाड्याच्या गाळ्यात आहे हो!" मंजुषा मैद्याच्या पोत्यावर बसली. मग उठून तिनं फळीवरचे सगळे पुडे खाली काढले. कस्तुराबाई शेवटचा पुडा उतरेपर्यंत तिथंच उभी राहिली.

त्या साली पीक करपलं. बियाणं आणि घरापुरतं तेवढं निघालं. मंजुषा आली, तेव्हा कस्तुराबाईनं तिला चुलीवरची दगडीची भाकरी वाढली, पण दाणा दिला नाही. मंजुषानं घास सावकाश चावला. "मला फरक कळायला हवा होता," ती म्हणाली.

पुढच्या साली पाऊस बरा झाला आणि मंजुषाला खरी दगडी मिळाली. प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून, दाणे दाताखाली फोडून मगच तिनं ती गाडीत चढवू दिली. कस्तुराबाईला राग आला नाही. ती स्वतःही पोत्यांसोबत गिरणीत गेली, दुसरं काही मिसळतंय का बघायला. मंजुषाच्या बिअरवाल्या मित्राला तिनं साफ नाही सांगितलं. नव्या पुड्यावर नुसतं धान्याचं आणि गावाचं नाव आलं.

"आता तरी इश्वास बसला का बाईवर?" भारतनं विचारलं.

"बसंल हळूहळू," कस्तुराबाई म्हणाली आणि बियाण्याच्या कणगीचं तोंड शेणानं लिंपायला बसली.