बारा खांब आणि दोन पातेली

एकोणीस वर्षं मी कोल्हापुरातल्या विद्यार्थ्यांना जुन्नरजवळच्या तुळजा लेण्यातलं गोल चैत्यगृह शिकवलं आणि एकोणीस वर्षं ते पाहिलं नाही. फळ्यावर वर्तुळ काढायचं, त्यात बारा अष्टकोनी खांब मांडायचे आणि "प्रत्यक्षच पाहायला हवं" असं गंभीर चेहऱ्यानं सांगायचं. शेवटी एका विद्यार्थिनीनं विचारलंच, "सर, तुम्ही पाहिलंय?" त्या चैत्रात मी छत्तीस फोटोंचा रोल, मोजायची टेप आणि दुखावलेला स्वाभिमान घेऊन एसटीत बसलो.

जुन्नर किती जुनं आहे, हे सांगायला गावात कोणाला सवड नाही. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाट चढून व्यापारी इथं यायचे. आता पेठेतल्या एका कोरीव तुळईला केबलची वायर बांधलेली होती आणि तिच्याखाली मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. गावाबाहेर शेतांच्या मधोमध एक देखणा दगडी घुमट उभा आहे. त्याच्या सावलीत दोन शेळ्या रवंथ करत होत्या. मी फोटो काढला, त्यांनी हरकत घेतली नाही.

संध्याकाळी हॉटेलात मिसळ मागवली. रश्श्याची अक्कल फक्त आपल्याला, अशी आम्हा कोल्हापूरकरांची ठाम समजूत असते. तर्री पाहून मी नाक मुरडलं ते मालकानं पाहिलं.

"राव, हितं आलाय तर मासवडी खायची," तो म्हणाला. (बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं आणि लसणाचं सारण भरून केलेली वडी. मासा नावापुरताच.)

"आणा की मग."

"हाटेलात नाय तिची चव. घरी खायाची असती. तुमचं कोण न्हाई का हितं?"

माझं तिथं कोणी नव्हतं. त्याला माझी खरोखर कीव आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपनं लेण्याच्या पायथ्याच्या गावात उतरलो. नेमकी त्या दिवशी गावची यात्रा होती. यात्रेच्या दिवशी इकडे घराघरात पै-पाहुणा जेवतो, आणि कोणाच्या दारात किती चपला पडल्या यावर वर्षभर त्या घराची इज्जत चालते. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी सरळ डोंगराच्या दिशेनं चालू लागलो.

"पावणं, कुणाकडं?" एका ओट्यावरून आवाज आला.

"लेण्याकडं."

"लेण्याकडं कोण जेवाया घालतंय?"

दंडाला धरून मला आत नेलं. मासवडी, बाजरीची भाकरी आणि असा रस्सा की दुसऱ्या घासाला माझी कोल्हापुरी अस्मिता घामावाटे वाहून गेली. (हे वाक्य घरी कोणाला वाचून दाखवू नये.) तिथून सुटलो, तर चार घरं पुढे पुन्हा तेच. नको म्हटलं, तर घरधनी एवढा हिरमुसला की मी बसलो. दुपार टळली, तेव्हा मी गावाच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचलो होतो आणि मला वाकताही येत नव्हतं. समोर डोंगर होता. लेण्यांची काळी तोंडं अगदी स्पष्ट दिसत होती.

त्या शेवटच्या घरातून कोणी हाक मारली नाही. ओट्यावर पासष्टीचे एक गृहस्थ इस्त्रीचा सदरा घालून बसले होते आणि दारात फक्त एक जोड चपला होत्या, त्यांच्याच. मी पाणी मागितलं. त्यांच्या बायकोनं तांब्या आणून दिला. आत दोन मोठी पातेली काठोकाठ भरलेली दिसली.

"पाहुणे यायचेत वाटतं?" मी मूर्खासारखं विचारलं.

"औंदा न्हाई येनार," बाई म्हणाल्या. "लेकीनं पुण्यात कोर्टात लगीन केलं. परजातीत. भावकीनं सांगितलं, सोपानरावाच्या दारात कुणी जायाचं न्हाई."

"मग एवढं?"

"रांधू नगं म्हनलं व्हतं मी," सोपानराव डोंगराकडे बघत म्हणाले. "पर हौसा ऐकती व्हय?"

"यात्रंला चूल गार ठेवायची का?" हौसाबाई म्हणाल्या. "रातच्याला हे समदं गावादेखत गुरांपुढं ओतायचं, मंजी झालं."

मला भयंकर वाईट वाटलं आणि रागही आला. पण माझ्या पोटात एका वडीचीही जागा नव्हती. मी टेप आणि कॅमेरा त्यांच्या कोनाड्यात ठेवला, डोंगराकडे पाठ केली आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो.

भावकीची बंदी भावकीला. परक्याला काय! सकाळपासून दंडाला कसं धरायचं याचं शिक्षण मला झालंच होतं. बंदोबस्ताचा एक हवालदार, पिपाण्या विकणारा एक जण, मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर, सगळ्यांना मी "चला, सोपानरावांनी बोलावलंय" म्हणून ओढत नेलं. जन्मात कधी कोणाला इतक्या हक्कानं जेवायला बोलावलं नव्हतं. घरी चहाला बोलवायचं तरी मी बायकोला विचारतो.

दिवस कलताना शेवटच्या जीपमधून एक तरुण जोडपं उतरलं. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"आम्हाला फक्त देवाचं दर्शन घ्यायचंय," ती घाईनं म्हणाली. "याच जीपनं परत जायचंय."

"यात्रेला येऊन उपाशी? चला. सोपानरावांचं घर, तुम्ही ओळखत नसाल."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "ओळखते थोडं," ती म्हणाली आणि मुकाट्यानं निघाली.

देवळापाशी मी गल्ली चुकलो.

"इकडून," ती म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी थबकलो, पण तिचे पाय थांबले नाहीत.

अंगणात पंगत बसली होती. सोपानराव रश्श्याचं भांडं घेऊन वाढत होते. लेकीला पाहून ते जागच्या जागी थांबले. हौसाबाई दारात आल्या आणि तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. शेजारच्या ओट्यांवरची माणसं माना उंचावून बघू लागली. ड्रायव्हरनं हातातला घास तसाच धरून ठेवला.

सोपानराव माझ्याकडे वळले. "पावणं, हे तुमी आनलं?"

"मी," मी कसाबसा म्हणालो.

"मंजी तुमचं पावणं." मग शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "पावण्याचा पावणा आमच्यात माघारी धाडत न्हाईत. बसवा त्यास्नी."

दोघं बसली. सोपानरावांनी जावयाच्या ताटात रस्सा वाढला आणि खाली बघतच विचारलं, "तिखट लई न्हाई ना?" जावयाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो म्हणाला, "नाही." मी त्याला तिखटाच्या नावावर रडू दिलं, कारण माझंही तेच चाललं होतं. दुसऱ्या भाकरीला मुलगी उठली, पदर खोचला आणि आईच्या हातातलं पातेलं घेऊन वाढू लागली.

सकाळच्या पहिल्या गाडीनं मला निघावंच लागलं, कारण रजा संपली होती. रोलमध्ये पेठ, घुमट, शेळ्या आणि एक पंगत निघाली. वर्गात त्या विद्यार्थिनीनं पुन्हा विचारलं. "पाहिलं," मी म्हणालो, "लांबून." आणि नेहमीसारखं वर्तुळ काढून त्यात बारा खांब मांडले.

लेणं दोन हजार वर्षं थांबलंय, आणखी थांबेल, असं मी मनाला समजावलं होतं. पण या चैत्रात पोस्टकार्ड आलं. अक्षर सोपानरावांच्या लेकीचं, मजकूर त्यांचा: "औंदा भावकी समदी येनार हाये. पंगतीला जागा पुरायची न्हाई. तवा तुमी आदी निवांत लेणं बघून या, मंग जेवाया बसा."

मी आजच निघतोय. टेप घेतलेली नाही. एवढ्या माणसांना वाढायला हात लागतील.