भाऊकीचं सुतक

आमच्या तालुक्यात सगळी पदं एकाच घराण्यात फिरत. म्हातारा नागपूरच्या कौन्सिलात, जावई डिस्ट्रिक्ट कौन्सिलात, साडू म्युनिसिपालटीत. अकलेचा खडखडाट, पण नात्यांचा सुकाळ.

तेव्हा शेतसारा भरणाऱ्यालाच मत असे. शेंदूरजनाघाटला आमची संत्र्याची बाग होती, म्हणून निवडणूक जवळ येताच त्यांच्या भाटाला शोध लागला, की आमचे पणजोबा त्यांच्या पणजोबांचे चुलतभाऊ! दर निवडणुकीला त्या वंशावळीला असाच बहार यायचा. मला हसू आलं, पण वडील विरघळले. मोठ्या घराची भाऊकी मिळाली म्हणून गावभर सांगत फिरले. मला त्यांची लाज वाटली.

त्याच वर्षी, ऐन मतदानाच्या तोंडावर, म्हातारा गेला आणि त्याच्या जागी मुलगा उभा राहिला. त्यांचा दिवाणजी आमच्या ओट्यावर येऊन म्हणाला, "भाऊकीले दहा दिवसांचं सुतक हाये. दहाव्याले डोकं भादरायले नदीवर या." भादरलेली डोकी जितकी जास्त, तितकं घराणं मोठं दिसणार होतं.

त्याच आठवड्यात माझ्या बहिणीचं लग्न होतं, आणि सुतकात लग्न लागत नाही.

"कशाचं सुतक?" मी वडिलांवर ओरडलो. "काल-परवापर्यंत त्याइनं आपल्याले ओयखलं तरी होतं काय?"

"मोठ्या घरचं नातं हाये. मोडता येत नाही," वडील म्हणाले.

त्यांनी लग्न पुढे ढकललं. चांदूर रेल्वेची वराकडची मंडळी तडकली आणि त्याच मुहूर्तावर त्यांनी दुसरी मुलगी करून घेतली. वडील मिशीसकट भादरून नदीवरून परतले, तेव्हा बहीण लग्नासाठी दळलेली हळद डब्यात भरून ठेवत होती. वर्षभरानं तिला दोन लेकरांच्या बिजवराला दिली. म्हाताऱ्याचा मुलगा मात्र थाटात निवडून आला. पुढे त्याच्या घरी लग्न निघालं, त्याची साधी पत्रिकाही या भाऊकीला आली नाही.

पुढची निवडणूक आली आणि नेमके तेव्हाच वडील वारले. तिसऱ्या दिवशी तो मोटारीतून हजर. डोळ्याला उपरणं लावून म्हणाला, "काकाजी म्हंजे आमचं रक्त." डोळे पुसून होत नाहीत तोच माझ्याकडे वळला, "मतदान येत्या सोमवारी हाये, ध्यानात ठेवजा." असला निलाजरा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

माहेरी आलेली बहीण पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि तो तिनं त्याच्यापुढे धरला.

"दादा, सुतकाच्या घरचं पानी हाये. परका पेत नाही, भाऊकीतला पेते. घ्या. पन मंग सुतक तुमालेही हाये. दहा दिवस कोनाच्या दारी जाता येत नाही, अन् दहाव्याले भादरा लागते."

अंगणात सारं गाव बसलेलं. त्यानं तांब्याकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं. नुकत्याच कोरलेल्या मिशीवर त्याचा हात गेला.

"तसं पाह्यलं तं बाई," तो म्हणाला, "आपलं नातं सात पिढ्यांच्या बाहेरचं. आपल्याले एकमेकाचं सुतक लागत नाही."

"लागत नाही?"

"नाही."

बहिणीनं तांब्या ओट्यावर ठेवला.

"मंग माहं लगन काहून मोडलं?"