चहातलं बी

रशियातल्या पावलोवो गावात बाहेर ओका नदी दगडासारखी गोठते, तेव्हा घराघरांत खिडकीच्या कुंडीत लिंबं पिवळी होत असतात. एकसष्टाव्या वर्षी कापितोलिना मुलाकडे इथं राहायला आली आणि तिनं शेजारच्या रिम्माकडे लावायला एक फांदी मागितली.

"परक्या हाताला आमची झाडं जगत नाहीत," रिम्मा म्हणाली. "बी लाव हवं तर. पंधरा वर्षं नुसते काटे येतील, आणि तोवर तू कसली जगतेस!"

कापितोलिनाने त्याच संध्याकाळी चहाच्या पेल्यातल्या लिंबाच्या चकतीचं बी कुंडीत खोचलं. झाड वाढलं, काटे बोचू लागले, सून कुरकुरली. "बोचतात? मग लांबून जा," कापितोलिना म्हणाली.

सतराव्या वर्षी झाडाला पहिलं लिंबू धरलं. त्याच हिवाळ्यात रिम्माचं घर ऊबदार ठेवणारी यंत्रणा बंद पडली आणि तिची सगळी झाडं गारठून मेली. ती दारात आली.

"एक फांदी दे गं, कापितोलिना."

कापितोलिनाने आपलं एकुलतं लिंबू कापलं, दोघींच्या चहात चकत्या टाकल्या आणि रिम्माच्या तळहातावर एक बी ठेवलं.

"अगं, मी ऐंशीची झाले! याला लिंबू कधी लागायचं?"

"मग जग की तोवर! मी नाही जगले, तुझ्या नाकावर टिच्चून?"