जानराव पाटलांची उसण

जानराव पाटलांना लाथ मारायचा अधिकार साऱ्या गावात एकट्या पार्बताबाईला होता, आणि तो ती रोज सकाळी बजावायची. बाई पायाळू, म्हणजे डोक्याआधी पाय बाहेर काढून जन्मलेली. अशा माणसाची लाथ कमरेत बसली की भरलेली उसण उतरते, हे बार्शीटाकळीच्या आसपास शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

उसण भरली ती कापसापायी. सातासमुद्रापलीकडे गोऱ्यांचं आपसात जुंपलं, तिकडचा कापूस अडला आणि इकडे वऱ्हाडात कापसाचे दिवस पालटले. ज्यांनी जन्मात बैलाला धड झूल घातली नव्हती, त्यांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. मग जानराव मागे कसे राहतील? अकोल्याच्या बाजाराची गाडी भरताना गडी कमी पडला, तेव्हा त्यांनी स्वतःच कापसाचा बोजा उचलायला घेतला. बोजा गाडीवर चढला आणि जानराव खाली बसले. त्यानंतर त्यांची कमर काही सरळ झाली नाही. शेक झाले, लेप झाले, बिब्बा घालून कातडी भाजून झाली. मग उरली पार्बताबाई.

ती विधवा माळीण जानरावांच्याच विहिरीवरची वाडी वाहायची. मध्ये वांगी, मेथी, आणि कडेनं शेवंती न् झेंडू. जानराव काठी टेकत यायचे आणि वाडीच्या धुऱ्यावर, बांधाच्या गवतात, पालथे पडायचे. "माफी असू द्या, पाटील," म्हणून बाई अदबीनं लाथ हाणायची. गुण काडीचा आला नाही. पण पालथ्या माणसाला लगेच उठवत नाही, म्हणून ते तिथंच टेकायचे, आणि बाई देवळासाठी हार ओवायला बसायची. सूत इतकं महागलं होतं, की कापूस पिकवणाऱ्या त्या गावात देवाच्या हाराला दोरा लागायचा केळीच्या सोपाचा, खोडाच्या वाळल्या सालीचा.

एक दिवस जानरावांनी उगाच तो दोरा हातात घेतला. पहिलं फूल फाटलं, दुसरं निसटलं, मग बसू लागली. हार पुरा झाला तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की बराच वेळ कमरेची आठवणच झाली नाही. दुखत होतीच, पण शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तशी, लांबून.

आता आली पंचाईत. बरा झालो म्हणावं, तर पुन्हा गाडी भरायला चला. गुण नाही म्हणावं, तर वाडीत जायचं निमित्त गेलं. शौक तेव्हा साऱ्यांनाच होते: कुणाला शंकरपटात पळवायच्या बैलांचा, कुणाला तमाशाचा. पण खात्यापित्या कुणब्यानं ऐन सुगीत बाईमाणसासारखी फुलं ओवायची म्हटल्यावर गावानं तोंडात शेण घातलं असतं. औषधाच्या नावावर मात्र आपल्याकडे काहीही खपतं. म्हणून कुणी विचारलं की जानराव सांगायचे, "हाय थोडा फरक. पुरा नाही." हा थोडा फरक त्यांनी चांगली दोन वर्षं चालवला.

मग एकदा जेवताना त्यांचा मुलगा चंद्रभान म्हणाला, "बाबा, यंदा इहिरीवरची वाडी मोडतो. कापूस पेरतो तिथं."

"आन पार्बताबाई?"

"तिले कापूस येचाले घेऊ."

"आन माही कमर?"

"तिचा पाय काई वाडीत गाडला नाही. घरी येऊन मारन लाथ."

बोलणं बिनतोड होतं.

दुसऱ्या दिवशी चंद्रभाननं नांगर जुंपला. बघायला गाव जमलं. पार्बताबाई नांगर लागायच्या आत हाताला येतील ती फुलं टोपलीत खुडत होती. जमीन पाटलांची, ती काय बोलणार? जानराव काठी टेकत आले आणि सरळ बैलांपुढे बसले.

"थांब, चंद्रभान. लाथेनं मले गुन नाही आला. कवाच नाही."

"मंग दोन वर्सं इथं काय करून राहिले तुमी?"

"हार ओवून राहिलो. शेवंतीचे." लोक फिसकन हसले. जानरावांचे कान तापले, तरी ते थांबले नाहीत. "इथं बसून फुलं ओवली का दुखनं इसरतो मी. दिवसातून तेवढंच जगल्यावानी वाटते. ते नको मोडू, बापा."

पार्बताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं. "म्हंजे इतके दिवस पाटलाले लाथा मारल्या मी, आन त्याबी फुकट? केवढं पाप लावलं मले!"

चंद्रभान शरमेनं लाल झाला. तेवढ्यात म्हातारा किसनराव पुढे आला. "अरे, म्हंजे गुन पायात नाही, जागेत हाय!"

साऱ्यांच्या माना डोलल्या. फुलं ओवून बरं वाटतं हे गावाला पटणं कठीण. जमिनीत देव आहे हे मात्र लगेच पटलं. दुपारच्या आत धुऱ्यावर एका दगडाला शेंदूर लागला. देवाच्या जागेवर नांगर कोण घालणार? जानरावांचं खरं कुणी मानलं नाही, पण वाडी वाचली.

मग धुऱ्यावर माणसांची रांग लागली. बोजे उचलून मोडलेले गडी, सरकी काढायचा रेचा फिरवून खांदे गेलेल्या बाया, सगळी पालथी पडायची आणि कंटाळली की उठून बसायची. राग ओसरलेली पार्बताबाई त्यांच्यापुढे फुलं सारायची. जानराव मनातून खूश होते. गाव हसायचं थांबलं होतं आणि वाडी उभी होती, यापरतं त्यांना काय हवं होतं?

सगळ्यांच्या शेवटी, गाडी अकोल्याला लावून देऊन, चंद्रभान आला. इकडेतिकडे पाहून हळूच खाली बसू लागला. अर्ध्यावर अडला, एक हात कमरेवर गेला आणि तोंडातून कण्हणं निघालं. ते कण्हणं जानराव चांगलं ओळखत होते. पोराला अजून मिशीही धड भरली नव्हती.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"मांगच्या सुगीपासून."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमी बसले होते ना, बाबा. मीबी बसलो असतो, तं गाडी कोनं भरली असती?"

अर्धा ओवलेला हार जानरावांनी खाली ठेवला, आणि पोराची कमर चोळता येते का ते पाहू लागले.