कुठला फोन जास्त टिकतो?

आमच्या डोंगरी नारीन शहराच्या बाजारात, लोखंडी कंटेनरात थाटलेल्या मिस्कालच्या फोन-दुरुस्तीच्या दुकानात आता दोन स्टुलं आहेत. परक्याला यात काय मोठंसं वाटणार? पण आम्हा बाजारातल्यांना विचारा. इतकी वर्षं तिथे एकच स्टूल होतं आणि त्यावर मिस्काल बसायची. गिऱ्हाइकाने उभं राहायचं, फोन काउंटरच्या काचेवर ठेवायचा, काय बिघडलंय ते थोडक्यात सांगायचं आणि चालू पडायचं. कुणी पाल्हाळ लावलंच तर ती डोळ्याचं भिंग न काढता म्हणायची, "आजारी कोण आहे, फोन की तुम्ही? फोन असेल तर ठेवा. तुम्ही असाल तर दवाखाना चौकापलीकडे आहे."

जीभ अशी फटकळ, पण हाताला यश. लग्न मोडून माहेरी आली तेव्हा भावजयीचे टोमणे खात बसण्यापेक्षा तिने राजधानीची वाट धरली. तिथे एका दुरुस्तीवाल्याच्या गाळ्यात झाडू मारता मारता काम शिकली आणि दुरुस्तीचं सामान घेऊन परत आली. "माणसं दुरुस्त होत नाहीत हे कळलं, म्हणून फोन धरले," असं ती सांगायची. सांगताना हसायची नाही. चहा स्वतःपुरता एक पेला करायची. आलेल्याला चहा विचारत नाही अशी बाई आमच्या मुलखात शोधून सापडायची नाही, पण ही होती. लोक नावं ठेवायचे आणि फोन बिघडला की तिच्याकडेच यायचे.

शेजारच्या कंटेनरमध्ये बेक्तुर फोनची कव्हरं, काचा, वायरी विकायचा. हा आयफोनचा भक्त, तर मिस्काल अँड्रॉइडची. दोघांचं भांडण म्हणजे आमच्या गल्लीचं रोजचं नाटक, तिकीट नाही.

"तुझा आयफोन म्हणजे लाडावलेली सून," ती म्हणायची. "देखणी आहे, कोण नाही म्हणतं? पण एकदा काच फुटली की सगळं घर विकायला काढा. शिवाय कुलपाचा शब्द विसरलात तर फोन कसला, पाट्यावरचा वरवंटा!"

"आणि तुझा अँड्रॉइड म्हणजे जत्रेतलं तट्टू," बेक्तुर पलीकडून ओरडायचा. "पहिल्या वर्षी उधळतं, तिसऱ्या वर्षी ढकलावं लागतं. माझा म्हातारा झाला तरी त्याला नवं अपडेट येतं. तुझ्या स्वस्तातल्याला जन्म देणारेच विसरून जातात!"

"माझ्या तट्टूची नाल बाजारात कुठेही मिळते रे बाबा. तुझ्या सुनेला माहेरचाच वैद्य लागतो."

हे असं दिवसभर. कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही.

ते दुसरं स्टूल आलं, त्या दिवशी थंडी नुकती सुरू झाली होती, नदीच्या कडेला बर्फ धरू लागलं होतं. घाटापलीकडच्या गावातून बुर्माकान आपा आल्या. नवरा फार वर्षांपूर्वी गेलेला, एकुलता एक मुलगा एलेबेस मॉस्कोत बांधकामावर. म्हातारीने शालीची गाठ सोडून दोन फोन काचेवर ठेवले. एक जुना अँड्रॉइड, एलेबेसने जाताना दिलेला. दुसरा आयफोन, गावाकडे परतणाऱ्या कुणाबरोबर नुकताच पाठवलेला.

"जुना टाक म्हणतो," आपा म्हणाल्या. "माझं मन घेत नाही. तू यातलं सगळं त्यात घाल आणि मग खरं काय ते सांग, कुठला जास्त टिकेल? माझं आता शिकायचं वय नाही. एकच शिकेन. मरेपर्यंत पुरला पाहिजे."

"ठेवा. संध्याकाळी या," मिस्काल म्हणाली आणि दोन्ही फोन वायरीने जोडले.

आपा वळल्या, तेवढ्यात मिस्कालचा स्वतःचा फोन वाजला.

"मिस्काल, मी आबास्कान. बुर्माकान वहिनींचा दीर. त्या तुझ्या समोर आहेत का? नुसतं हो-नाही म्हण."

"हो."

"आमचा एलेबेस गेला ग. सकाळी कामावर वरून पडला." आबास्कानचा आवाज फाटला. मग सावरून तो म्हणाला, "म्हाताऱ्यांना गाडीत घालून निघालोय. घाटात बर्फ आहे, वेळ लागेल. आम्ही येईपर्यंत वहिनींना सोडू नको. फोन हातात देऊ नको. तुझ्या पाया पडतो."

"बरं," मिस्काल म्हणाली आणि फोन ठेवला.

आमच्याकडे मरणाची बातमी वाऱ्यावर सोडत नाहीत. वडीलधारी माणसं मिळून येतात, समोर बसतात, आडून आडून बोलतात, ऐकणाऱ्याच्या मनाची तयारी करतात आणि मग दोन्ही बाजूंनी हात धरून सांगतात. आईला तर एकटीला कधीच कळू देत नाहीत. परक्याच्या तोंडून, तेही बाजारात उभ्या उभ्या कळलं, तर साऱ्या गावाला खाली मान घालावी लागते. पूर्वी हे सोपं होतं. बातमी घोड्यावर यायची आणि घोडा म्हाताऱ्यांच्या हातात असायचा. आता ती मेली बातमी प्रत्येकाच्या खिशात आधीच येऊन बसलेली असते.

"कोण ग?" आपांनी विचारलं.

"गिऱ्हाईक. चार्ज होत नाही म्हणे." मिस्कालने भिंग डोळ्याला लावलं. लगेच परत काढलं. आपा शाल सावरून निघायच्या बेतात होत्या. बाहेर सगळा बाजार पसरलेला, त्यात त्यांच्या गावचे निम्मे लोक.

"आपा, थांबा ना. कुठे थंडीत फिरता?" ती उठली आणि स्वतःचं स्टूल पुढे ओढलं. "बसा. चहा टाकते."

बुर्माकान आपांनी तिच्याकडे जरा पाहिलं, मग बसल्या.

मिस्कालने चहा केला, पाव तोडला, जर्दाळूचा मुरंबा काढून पुढे ठेवला. एवढ्यात काचेवरचा जुना फोन थरथरला. पडद्यावर गावाच्या ग्रुपचं नाव आणि खाली रडणारा चेहरा. कुण्या शहाण्याला दम निघाला नव्हता. मिस्कालने झटकन फोन पालथा केला.

"एलेबेसचा असेल बघ," आपा म्हणाल्या. "दुपारच्या सुट्टीत बोलतो तो. दे जरा."

"आता नाही, आपा. वायर लागलीय. मध्येच हात लावला तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे राहील. त्याचा आवाज वगैरे जे काही आहे ते सगळं जाईल."

"नको ग बाई! राहू दे मग."

हे खोटं होतं. सगळं सामान कधीच पलीकडे गेलं होतं. तिने गुपचूप परत पहिल्यापासून सुरू केलं. फोन पालथाच थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. आता बोलणं भाग होतं, आणि गोड बोलणं तिला जन्मात जमलं नव्हतं. गुरं-ढोरं विचारावीत, तर विषय घरावर येणार आणि घरावरून मुलावर. तिला न अडखळता बोलता येईल असा एकच विषय होता.

"तुम्ही विचारलंत ना, कुठला टिकेल," तिने सुरुवात केली. "तर त्याचं असं असतं, आपा..."

आणि ती बोलत सुटली. फोन जुना होतो म्हणजे नेमकं काय होतं, आधी बॅटरी थकते, मग जागा भरते, मग नवी कामं जुन्या डोक्याला पेलत नाहीत. आपा मान डोलवत होत्या. त्यांची नजर मात्र फोनवर नव्हती, मिस्कालच्या तोंडावर होती.

मध्येच दारात बेक्तुर येऊन उभा राहिला. हातात फोन, डोळे लाल. त्याने आपांना पाहिलं आणि त्याचे ओठ हलले. "आपा, हे काय झालं..."

"बेक्तुर!" मिस्काल जवळजवळ किंचाळली. "काय झालं काय विचारतोस? आपांनी आयफोन घेतलाय! आता तूच सांग त्यांना, कुठला जास्त टिकतो ते. ये, आत ये. बसायला घेऊन ये काहीतरी!"

बेक्तुरने तिच्याकडे पाहिलं, पालथ्या फोनकडे पाहिलं. उघडं तोंड त्याने तसंच मिटलं. स्वतःच्या गाळ्यातून स्टूल आणलं, दारातच टाकलं आणि वाट अडवून बसला. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कुणी थांबायला लागलं की तो नजरेनेच त्याला पुढे हाकलायचा.

"मी... मी म्हणतो, अँड्रॉइड बरा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "काच फुटली तरी इथल्या इथे मिळते. नाल कुठेही मिळते, आपा."

"छे! आयफोनच," मिस्काल म्हणाली. "म्हातारा झाला तरी त्याला नवं अपडेट येतं. स्वस्तातल्या अँड्रॉइडला दोन-तीन वर्षांत कुणी विचारत नाही."

"पण आयफोनची बॅटरी थकली की थंडीत फोन डोळे मिटतो."

"ते कुठल्याही थकल्या बॅटरीचं तसंच. छातीशी धरून ठेवायचा, ऊब लागली की उठतो."

बोलताना दोघांचाही जीव दाराबाहेर लागला होता. गाडी वाजली की मिस्कालची मान वळायची. घाट उतरायला एवढा वेळ? फोन थरथरतच होता. बेक्तुर कव्हरांबद्दल बोलला, आवाज साठवण्याबद्दल बोलला आणि "आवाज" म्हणताना अडखळला. मिस्कालने तिसऱ्यांदा चहा ओतला. पेला आधीच भरलेला होता, चहा काचेवर सांडला.

बुर्माकान आपांनी शालीच्या टोकाने तो टिपला. पेला हळूच बाजूला सरकवला.

"आबास्कान इथे मटण विकायला येतो," त्या म्हणाल्या. "घरी आला की तुमच्या भांडणाच्या नकला करून दाखवतो. पोट धरून हसतो आम्ही. मिस्काल अँड्रॉइडची, बेक्तुर आयफोनचा. तुम्ही आज बाजू का बदलल्यात रे?"

मिस्कालला स्वतःच्या मूर्खपणाचा असा राग आला की तिथल्या तिथे जीभ तोडून टाकावी.

"आणि तुझ्याकडे कुणाला चहा मिळत नाही, हेही त्यानेच सांगितलंय."

"आपा, थंडी होती म्हणून..."

"ऐक. माझा नवरा गेला तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तो वरच्या कुरणावर होता. हाच आबास्कान सकाळी येऊन माझ्या चुलीपाशी बसला आणि घोड्यांबद्दल बोलायला लागला. चढाला कुठला घोडा चांगला, म्हातारपणीही ओझं वाहतो तो कुठला. त्याला घोड्यातलं ओ की ठो कळत नाही, आजही नाही. बोलत होता आणि दाराकडे बघत होता." आपांचा आवाज सपाट होता. "मी मनात म्हणत होते, याला आज झालंय तरी काय? मग म्हातारे आले."

मिस्कालला त्यांच्याकडे बघवेना. तिने फोनवरचा हात काढला नाही.

"तेव्हा घोडे होते," आपा म्हणाल्या. "आज फोन आहेत. माझ्याकडे आता एकच माणूस आहे, मिस्काल, ज्याच्यासाठी लोक मला एवढं बसवून ठेवतील."

"आपा..." मिस्कालच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"नाही!" म्हातारीने बोट वर केलं. "तू बोलायचं नाहीस. ते काम तुझं नाही. तू पुस डोळे. माझ्या तोंडात अजून तुझा चहा आहे, मला कुणी काही सांगितलेलं नाही."

गल्लीच्या तोंडाशी एक गाडी थांबली. दारं एकामागोमाग एक लागली. बेक्तुर उठून उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. बाहेर बर्फाळलेल्या कोटातले म्हातारे उतरले होते, आबास्कान मागे. सगळ्यांत वृद्ध माणसाला पुढे करण्यासाठी ते जरा घुटमळले, हात पोटाशी बांधून.

बुर्माकान आपांनी वळून पाहिलं नाही. त्यांनी पालथा फोन मिस्कालच्या हाताखालून ओढून घेतला, न उलटता तसाच दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि स्टुलावर ताठ बसल्या.

"बोल पोरी," त्या म्हणाल्या. "कुठला जास्त टिकतो? थांबू नकोस. ते अजून गल्लीतच आहेत."

आणि मिस्काल बोलत राहिली.